कॅमेरावाला कुठे उभा होता

उजवा हात वर. तळवा आमच्याकडे, चौकातला ट्रॅफिक पोलीस धरतो तसा. तोंडातला घास तिथेच थांबलेला, एक गाल फुगलेला. आणि टीव्हीवरून नजर न हलवता: "चॅनल कोणी बदलणार नाही भिया. इथे जान अटकून राह्यली आहे."

जान बहुतेक वेळा हरणाचीच अटकलेली असायची.

हे आमचे मामा. सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये डाय सेटर. म्हणजे पत्रा कापणाऱ्या मोठ्या प्रेसमध्ये साचा असा बसवून द्यायचा की हजार तुकडे काढले तरी हजारही सारखे निघावेत. वय सत्तावन्न. सगळं शॉप त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. कँटीनच्या भिंतीवर, मान मोडेल इतक्या उंचीवर एक टीव्ही होता आणि त्याचा रिमोट मामांच्या खिशात, मायक्रोमीटरच्या शेजारी. तो तिथे कसा गेला हे कोणालाच माहीत नव्हतं. जेवणाच्या अर्ध्या तासात क्रिकेट नाही, बातम्या नाहीत. फक्त जनावरं.

मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी इंदूरला आले आणि या कारखान्यात क्वालिटीत लागले. तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यातली वांग्याची भाजी आणि पडद्यावर रक्तानं माखलेली सिंहीण, असा योग आला. मी म्हटलं, "अहो मामा, जेवताना हे काय लावता? घास उतरत नाही."

"मॅडमजी," ते शांतपणे म्हणाले, "ती पण जेवूनच राह्यली आहे न."

सगळं कँटीन हसलं. मला असा राग आला की त्या दिवशी मी डबा तसाच बंद केला. दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्यासमोर पुडीतून शेव ठेवली, वर जिरावण नावाचा इंदुरी मसाला भुरभुरवला आणि म्हणाले, "आज मासे आहेत. मासे चालतात न?"

त्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते म्हणे. "घोडे गेले, तलवार गेली, मराठी राह्यली," असं ते स्वतःच सांगायचे, "ती पण आधीच राह्यली." हा 'आधी' म्हणजे हिंदीतला अर्धा, हे कळायला मला महिना लागला.

पण त्या टीव्हीसमोर त्यांना पाहायला हवं होतं तुम्ही. आपण अशा गोष्टी बघतो तेव्हा एक डोळा फोनवर असतो. हा माणूस अख्खा बघायचा. समुद्राच्या तळाशी, जिथे उजेडच पोचत नाही, तिथे एक मासा स्वतःचा दिवा घेऊन फिरत होता. मामांची पोळी हातातच राहिली. "स्वतःची लाइट! कनेक्शन नाही, वायर नाही," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी शेजारीच बसले होते. आयुष्यात हा माणूस ओंकारेश्वरच्या पलीकडे गेला नव्हता. समुद्र त्यानं पाहिला तो कँटीनच्या भिंतीवर.

कौतुकही सेटरचंच. मधमाश्यांचं पोळं दाखवलं की, "बघून घ्या, गेज नाही, मायक्रोमीटर नाही, आणि एक पण तुकडा रिजेक्ट नाही. क्वालिटीवाल्यांची नोकरी खाऊन टाकतील." हे माझ्याकडे बघून. आम्ही सगळे एकदा शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेलो, तर मामा वाघाच्या पिंजऱ्यासमोर मिनिटभर उभे राहिले आणि बाहेर येऊन बसले. का, विचारलं तर म्हणाले, "तो वाघ नाही. तो ड्यूटीवर आहे."

आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला. "कॅमेरावाला कुठे उभा होता?"

बर्फाचा कडा असो, मगरींची नदी असो. हा तिथे पोचला कसा, किती दिवस बसला, त्याला थंडी वाजली नसेल का, डबा कुठून येत असेल. मामांना त्या माणसाचं फार अप्रूप. मला वाटतं, दुसरा जन्म मिळाला असता तर त्यांनी तोच मागितला असता.

मग ते रेडकू आलं. आटत चाललेलं तळं, रानम्हशींचा कळप, आणि पोटापर्यंत चिखलात रुतलेलं एक रेडकू. आई त्याच्याभोवती फिरत होती. कळप पुढे गेला, ती थांबली. मान खाली घालून त्याला ढकलत राहिली. ऊन उतरलं तशी तीही निघाली, दोनदा वळली, आणि गेली. कॅमेरा रेडकावरच. ते हंबरायचंसुद्धा थांबलं होतं.

त्या दिवशी मामांचा हात वर गेला नाही. कोणी चॅनल बदलायचं नावही काढत नव्हतं.

"मॅडमजी, कॅमेरावाला कुठे उभा होता?" त्यांनी विचारलं, पण नेहमीसारखं नाही.

"असेल जवळच कुठेतरी."

"मग त्यानं दोरी का नाही टाकली?"

मी शहाणपणानं सांगितलं की त्यांचा नियम असतो, निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, फक्त बघायचं. मामांनी ऐकून घेतलं. डबा बंद केला.

"आणि मग तो माणूस घरी जाऊन झोपतो?"

मला हसू आलं. दोन दिवस मामांनी टीव्ही लावला नाही, आणि आम्ही त्यावरूनही त्यांची चेष्टा केली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. टाळत होते.

प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा पंच खाली येतो. कारण उघड आहे, दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे आत राहत नाहीत. पण तसं नियमानं करत बसलं तर दिवसाचं टार्गेट काही होत नाही. म्हणून उजव्या बटणात काहीतरी कोंबायचं. ते दाबलेलंच राहतं, उजवा हात पत्रा सरकवायला मोकळा, आणि प्रेस एका डाव्या बटणावर चालते. जुन्या मशीनना ही युक्ती चालते आणि आमच्या सगळ्याच जुन्या. पूर्वी बायका कागदाचे बोळे कोंबायच्या. ते निसटायचे, काम अडायचं, सुपरवायझर ओरडायचा. तेव्हा मामांनी लेथवर नायलॉनच्या पाचरी करून दिल्या. आठ मशीनना आठ, पिवळ्या, अंगठ्याएवढ्या, अशा नेमक्या की बटणात टक्कन बसाव्यात. सकाळी सेटिंग झालं की ते स्वतःच्या हातानं त्या लावायचे. बायकांची सोय केली, असंच त्यांना वाटत होतं. चांगला कारागीर वाईट कामही चांगलंच करतो, हे त्यांचं चुकलं.

आणि माझं? माझ्या तपासणीच्या कागदावर एक ओळ होती: दोन्ही बटणं चालू आहेत. दर दोन तासांनी मी फेरी मारायची, ती पिवळी पाचर बघायची आणि त्या ओळीसमोर टिक करायची. माझं काम तुकड्यांचं माप घेणं, बटणं मेंटेनन्सवाल्यांनी बघावीत, असं मी मनाशी म्हणायची. चार वर्षं म्हणत होते.

सुगनबाई तीन नंबरच्या प्रेसवर होती. बाणगंगेकडून यायची, चाळिशीची, कामाला वाघीण. त्या दिवशी अकराची फेरी करून, तिच्या मशीनसमोर टिक मारून मी जागेवर येऊन बसले, आणि थोड्याच वेळात शॉपमधले सगळे आवाज एकदम बंद झाले. कारखान्यात शांतता म्हणजे अपघात. मी धावले. उजव्या हाताची चार बोटं गेली होती. लोक तोंडं फिरवून उभे होते, एकजण ओकत होता. मामांनी अंगातला शर्ट काढून तिचा हात गुंडाळला, तो उंच धरला, आणि बनियनवरच तिच्याबरोबर गाडीत बसून गेले. पाचर बटणातच होती.

चौकशी लागली. कंपनीचं म्हणणं ठरलेलं होतं: बाईनं मनानंच पाचर लावली. चौकशीच्या आदल्या दिवशी मामा मला पाण्याच्या टाकीपाशी भेटले.

"मॅडमजी, तुम्ही तर रोज पाहून राहिल्या होत्या न?"

मी ग्लास भरत राहिले.

"माझं नका सांगू. माझं मी सांगतो. तिनं नाही लावली, अकरा वाजता पण पाचर तिथेच होती, एवढंच सांगा. तुमचं ऐकतील."

"बघू मामा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेल खात्याच्या साहेबांनी माझा कागद टेबलावर सरकवला. "ही टिक तुमचीच ना मॅडम?"

"हो."

"म्हणजे अकरा वाजता पाचर नव्हती, बाईनं ती नंतर लावली."

मी काहीच बोलले नाही. होती म्हटलं असतं तर चार वर्षांच्या खोट्या टिका बाहेर आल्या असत्या आणि नोकरी गेली असती. मी घाबरले. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही, नुसतं गप्प बसायचं होतं.

मामा उभे राहिले. "साहेब, पाचर मी केली. त्या दिवशी सकाळी लावली पण मीच. सुपरवायझरला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं."

"मामा, तुमचं एकच वर्ष राहिलंय," साहेब जरा नरमाईनं म्हणाले.

"म्हणून तर आता सांगून राह्यलोय. मग केव्हा सांगणार?"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर फार बरं झालं असतं.

निकाल लागला. पाचर बनवल्याबद्दल मामांना काढलं, आणि ती परस्पर वापरल्याबद्दल सुगनबाईला. निष्काळजीपणा, असा शब्द होता. मामांचं खरं त्यांच्या स्वतःपुरतंच धरलं, कारण तिच्या बाजूनं दुसरं कोणी बोललंच नाही. मी जिथे होते तिथे राहिले. कँटीनमध्ये क्रिकेट सुरू झालं.

पुढे चार-पाच महिन्यांनी मामा मला पलासियाला दिसले, एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर. हातात एक्स-रेचं पाकीट, अंगावर इस्त्रीचा शर्ट. मी पलीकडच्या फुटपाथवर जायला वळणार तोच हाक आली. "अरे मॅडमजी!" मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि खरं सांगते, ऐकायची तयारीही होती. घालूनपाडून बोलले असते तर मी तिथे रस्त्यात रडून मोकळी झाले असते.

"काल ऑक्टोपस पाहिला," ते म्हणाले. "आता फुरसतच फुरसत आहे न. मॅडमजी, ती अंडी देते आणि त्यांच्यावर बसते. महिनोन्महिने. खात नाही. समोरून खेकडा जातो, पाहते, पण सोडत नाही. पिल्लं निघाली की मरूनच जाते." दोन्ही हातांची बोटं पसरून ते मला ती अंडी कशी झाकते ते दाखवत होते. मागून मोटारींचे हॉर्न वाजत होते, लोक धक्के देत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तोच कँटीनमधला उजेड होता. मी विचारलं, तब्येत कशी आहे. "ठीक आहे, थोडा दम लागतो," म्हणाले, आणि पुन्हा ऑक्टोपसकडे वळले. सुगनबाईचा विषय त्यांनी काढला नाही, आणि माझी काढायची हिंमत झाली नाही.

मग मामा वारले. मला ते आठवड्यानंतर कळलं. सकाळी चहा मागितला, तो येईपर्यंत संपलं होतं. रविवारी मी मल्हारगंजात त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीला लावलेला पलंग, त्यावर मामी. मी मामींजवळ बसले. काय बोलले ते मला आठवत नाही, अशा वेळी सगळे बोलतात तेच बोलले असेन.

आतून सुगनबाई आली. मामा गेल्यापासून ती रोज येते, स्वयंपाक करून जाते, मामी म्हणाल्या. तिनं पदराचं टोक उजव्या हातावर गुंडाळलं होतं. मी उठले. दारापर्यंत गेले तशी तीही माझ्या मागे ओट्यावर आली.

"मैडम, एक बात पूछूँ?" ती म्हणाली. "उस दिन आप आई थीं न, ग्यारह बजे. पच्चर तब लगी हुई थी क्या?"

समोरून कचऱ्याची गाडी गेली, ती जाईपर्यंत मी थांबले. गल्लीत ऊन होतं. विचारताना तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "होती. मी पाहिली होती."

 ती हळूच म्हणाली, "मामा जब भी आते, कहते थे, तूने नहीं लगाई, मैंने लगाई थी. पर मामा तो किसी का भी दिल रखने को कह देते. सब बोले, तूने लगाई, तूने लगाई. मुझे तो खुद लगने लगा था मैडम, के मैंने ही लगाई होगी."

एवढं बोलून ती आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली, डाव्या हातानं.