उतरलेला खांदा

माझ्या मावशीला घरात सगळे खडू म्हणतात. आजोबा शिंपी. लहानपणी त्यांच्या मशीनखाली बसून ती कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूने चिंध्यांवर माणसं काढायची, म्हणून हे नाव पडलं. आता ती साठीला आली, तरी ते काही पुसलं गेलेलं नाही.

चित्रकला कुठे शिकलात, असं कोणी विचारलं तर ती कॉलेज म्हणून सांगते. लोकांचं तेवढ्यावर समाधान होतं. आम्हाला मात्र ती खरं सांगते. शाई आणि ब्रश धरायला ती कॉलेजात शिकली. माणूस बघायला शिकली आजोबांच्या दुकानात. आजोबा माप घेताना पुटपुटत आणि ती वहीत उतरवून घेई: डावा खांदा अर्धा इंच खाली, पाठीला जरा पोक, उजवा हात लांब.

"दोन्ही खांदे सारखे असलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय," आजोबा म्हणत.

शिक्षण संपल्यावर तिला मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात काम मिळालं. पहिलंच चित्र रांगेत उभ्या मुलांचं होतं. संपादकबाईंनी लाल पेन्सिलीने सात खांद्यांभोवती गोल केले.

"ही मुलं वाकडी का?"

"माणसं अशीच असतात, बाई."

"असतील. पुस्तकात सरळ हवीत."

मावशी नवखी होती. तिने पट्टी घेतली आणि चित्र पुन्हा काढलं. पुढची अकरा वर्षं तिची माणसं सरळ उभी राहिली. काम वेळेवर, हात साफ, बाई खूश. तिला खिडकीजवळचं टेबलही मिळालं.

मी दुसरीत असताना आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नवीन चष्मा लावून त्यांनी मावशीच्या चित्रांचं माझं पुस्तक उचललं आणि बराच वेळ पानं उलटली.

"ह्यांचे कपडे कोणी शिवले गं, खडू?"

"चित्रातली माणसं आहेत ती, बाबा."

"ते दिसतंय मला. पण हे कपडे हँगरच्या मापाने शिवलेत. आत कोणी नाही."

आठवडाभर मावशी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. आई म्हणते, तिला राग आला होता, पण म्हाताऱ्याच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर उरकून समोरच्या बस थांब्यावर जाऊ लागली. एका बाकावर बसून, उभ्या असलेल्या लोकांची पाठमोरी चित्रं काढायची. लोकांना वाटे, ही बस चुकवतेय. तीन महिन्यांत चार वह्या भरल्या.

त्याच सुमाराला एका पोस्टमनच्या गोष्टीचं काम आलं. तिने पोस्टमनचा पिशवीकडचा खांदा चांगला दोन बोटं खाली उतरवला. लाल पेन्सिल लगेच पुढे आली.

"हा मी बदलणार नाही, बाई," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तक्रार आली तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"देईन."

पुस्तक निघालं. दोन महिन्यांनी एका मुलीचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती: पोस्टमनकाकांचा खांदा दुखतो का? बाईंनी ते मावशीच्या टेबलावर ठेवलं. त्यानंतर लाल पेन्सिल बुटांच्या नाड्या आणि स्वल्पविराम शोधत फिरू लागली. खांद्यांच्या वाटेला गेली नाही. मावशीने त्या मुलीला उत्तर लिहिलं, की दुखतो, पण रविवारी बरा असतो.

आजोबांनीही पोस्टमन पाहिला. "बाही जरा लांब झालीय," एवढंच म्हणाले. मावशीने दुसऱ्या आवृत्तीत ती आखूड केली.

पुढे कॉम्प्युटर आला. पन्नाशीत ती तो शिकली, कुरकुर न करता. अर्धा चेहरा काढला की उरलेला अर्धा आपोआप उमटतो अशी एक सोय त्यात आहे, ती मात्र तिने कधी वापरली नाही.

सध्या तिच्याकडे पक्ष्यांचं पुस्तक आहे. गेल्या रविवारी गेलो तर टेबलभर कच्ची चित्रं पसरली होती आणि ती वैतागली होती.

"माणसं बरी," ती म्हणाली. "बसची वाट बघत उभी तरी राहतात. ही कावळ्याची जात एक मिनिट मान स्थिर ठेवेल तर शपथ."

मग तिने मला चहा टाकायला सांगितलं आणि खिडकी उघडून पुन्हा कठड्यावरच्या कावळ्याकडे बघत बसली.