झांझिबारचं गलबत

लिलावात जुन्या टपाल तिकिटांचं अख्खं पोतं घ्यायची ऐपत अलेक्झांड्रियात फार थोड्यांची. म्हणून निवृत्त चित्रकला मास्तर वग्दी आणि त्यांचा विधुर शिंपी दोस्त हाजी रुश्दी पोतं भागीत घ्यायचे. वाटणीचा रिवाज ठरलेला होता. एकाने जगभरची तिकिटं निवडून दोन ढीग लावायचे, दुसऱ्याने त्यातला हवा तो आधी उचलायचा. म्हणजे लबाडीला जागाच नाही, असं दोघांना वाटायचं बापड्यांना.

या खेपेला ढीग लावायची पाळी मास्तरांची होती. हंगेरीच्या स्वस्त तिकिटांच्या केरकचऱ्यातून एकदम वर आलं झांझिबारचं गलबत. कोरं करकरीत, मागचा डिंकसुद्धा शाबूत. मास्तरांच्या अल्बममध्ये झांझिबारच्या पानावर तेवढाच एक चौकोन रिकामा होता आणि कित्येक वर्षं तो त्यांना छळत होता. हे गलबत रुश्दीच्या ढिगात गेलं की संपलंच.

मग मास्तरांचं डोकं चाललं. एका ढिगात त्यांनी पोपट, मासे, तिकोनी फुलपाखरं असा सगळा थाट मांडला. दुसऱ्यात हंगेरीचे मळकट मुकुट, आणि त्यांच्या तळाशी गलबत. हाजीला भडक रंगांचा भारी सोस. पोपट दिसला की गडी पाघळणार, याची मास्तरांना खात्री होती.

शुक्रवारी नमाजानंतर हाजी आला. मास्तरांनी स्वतः उठून चहा ओतला, न विचारता साखर घातली, वर पाकात मुरलेल्या कुनाफ्याच्या मिठाईची बशी पुढे सरकवली.

"कुनाफा?" हाजी म्हणाला. "आज ईद आहे का, वहिनी?"

"मला काय विचारता, भाऊजी? सकाळी स्वतः जाऊन आणलाय," इस्मत म्हणाली. "लग्नात माझ्या बापालासुद्धा एवढा खाऊ घातला नव्हता यांनी."

हाजीने पोपटांकडे पाहिलं, कुनाफ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. आणि मळकट ढीग ओढून घेतला.

मास्तरांनी हातातला घास परत बशीत ठेवला.

"वहिनी, वाल भिजवायचं पातेलं द्या जरा," हाजी म्हणाला. "मागे चिकटलेले कागद इथेच पाण्यात सोडवून घेतो." आणि त्याने सगळा ढीग ओंजळीत घेऊन पाण्यावर धरला.

"अरे थांब, डिंक जाईल," मास्तर ओरडले. "कोरं आहे ते गलबत!"

झालं. आपल्याच तोंडाने पकडले गेले. इस्मत ओढणी तोंडाशी धरून आत पळाली. हाजीने सावकाश तिकिटं उलटीपालटी केली, गलबत काढलं आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवलं.

"घे. माझ्याकडे दोन आहेत. कधीपासून."

"दोन? आणि मी इथे वर्षानुवर्षं जीव टाकतोय ते बघत बसलास? दिलं का नाहीस, लबाडा?"

हाजी बोटाला लागलेला पाक चाटत राहिला. "पान भरलं तर तू पोतं घ्यायला कशाला येशील? माझी फिरदौस गेल्यापासून शुक्रवार तेवढाच आहे मला."

मास्तरांना भयंकर राग आला होता, आणि तो दाखवायची सोय राहिली नव्हती. त्यांनी उरलेला कुनाफा हाजीच्या बशीत वाढला.

"येत नाही म्हणे," ते गुरगुरले. "टोंगाचं पान अख्खं रिकामं पडलंय माझं."

टोंगा नकाशात कुठे येतं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, आणि तसलं पानही त्यांच्या अल्बममध्ये नव्हतं. ते त्यांनी रात्री आखलं.