श्रीपत गुरुजींची गावठी शिकवणी

श्रीपत गुरुजींनी तीस वर्षं मराठी शिकवली, म्हणजे आमच्या तोंडची मराठी काढून घेतली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. वर्गात कुणी ‘नाय’ म्हणालं की गुरुजी त्याला उभं करायचे, त्याच्यासारखे हेल काढून बोलून दाखवायचे, आणि सगळा वर्ग हसला की मग छडी. छडीचं काही वाटायचं नाही. त्या नकलेचा मात्र मला अजून राग येतो.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी महाडला घर बांधलं, पण नाव गावच्याच मतदार यादीत ठेवलं. त्यांना सरपंच व्हायचं होतं. दोन हजार दोन साली ते ग्रामपंचायतीला उभे राहिले. समोर सोमा, शिक्षण चौथी नापास, बोलायला महाग. गुरुजींनी गुलाल आधीच आणून ठेवला.

प्रचाराच्या पहिल्याच फेरीत माशी शिंकली. म्हातारी शकू म्हणाली, “गुरुजी, हिरीला पानी नाय.”

दुसरा कुणी उमेदवार असता तर नळाचं आश्वासन देऊन मोकळा झाला असता. गुरुजी म्हणाले, “विहिरीला पाणी नाही, असं म्हणावं.”

पुढच्या घरांतून कुणी तोंडच उघडेना. काही विचारलं तर माणसं नुसती मान हलवायची. मान हलवण्यात चूक निघत नाही.

गुरुजींचा पुतण्या राजू बिरवाडीला कंपनीत होता, प्रचारासाठी रजा काढून आला होता. तो भडकला. “काका, मतं मागताव का पेपर तपासताव? जरा आपल्यासारकं बोला. नायतर डिपॉझिट जातंय!”

गुरुजी घाबरले. राजूची आई चिमाबाई, म्हणजे त्यांची थोरली वहिनी, तिच्या ओटीवर शिकवणी सुरू झाली. ज्या गावात जन्मले त्याच गावची बोली शिकायला गुरुजी मांडी घालून बसले. पण खोड जाईना.

“वहिनी, यामागचा नियम काय?”

“नेम कसला, भावजी? भूक लागली का मानूस बोलतंय, तसं बोलायचं.”

परीक्षा म्हणून तिनं त्यांना म्हशीला हाक मारायला लावली. म्हैस आली. हातात पेंडीची बादली होती, हे गुरुजींनी लक्षात घेतलं नाही. ते स्वतःवर खूश झाले.

“भावजी, तुमी बोलूच नका,” चिमाबाई शेवटी म्हणाली. “नुसतं हात जोडा.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ही म्हण त्यांनीच आम्हाला वाक्यात उपयोग करायला दिली होती.

देवळापुढं सभा भरली. गुरुजी उभे राहिले आणि सुरू झाले, “बायांनो, बापयांनो, मी तुमचाच हाय! हिरीला पानी नाय, वाडीला रस्ता नाय, लय हाल हायत!”

हेल अगदी बरोबर होता. तीच तर गोची झाली. हीच नक्कल आम्ही बाकावर बसून ऐकली होती. माझ्याच वर्गातल्या मंजुळानं पदर तोंडाशी नेला, पण ती हसत नव्हती. माझे कान तापले. गुरुजी बिचारे मनापासून बोलत होते, हे मला आज कळतं. तेव्हा कुणालाच कळलं नाही.

इतक्यात हैबती उठला. ट्रकवर ड्रायव्हर, सहा फूट गडी, पण हाताची घडी घालून वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला.

“गुरुजी, आपण आमची थट्टा करीत आहात काय? आम्हांला शुद्ध मराठी उत्तम समजते.”

त्या क्षणी गुरुजींनी माफी मागितली असती, नुसते हसले असते, तरी निभावलं असतं. पण त्यांचा चेहरा उजळला. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता.

“शाब्बास हैबती! वाक्य अगदी निर्दोष आहे. बस खाली.”

हैबती बसला. बाकीचं गाव उठलं आणि घरी गेलं.

सोमा निवडून आला. शाळेच्या सगळ्या वर्षांत कधी न मिळालेली शाबासकी हैबतीला त्या सभेत मिळाली, आणि तिचं त्याला फार अप्रूप वाटलं. मत मात्र त्यानं सोमालाच दिलं.