आईला न सांगितलेलं जेवण

पोराला पोलिसांनी नेल्यावर बरेच दिवस मी बोरगावातल्या आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, नुसता उभा राहत असे. जिनदेव कुणाला काही देत नाही, कुणाकडून घेत नाही, हे मला लहानपणीच शिकवलेलं. तरी मी मागत होतो. जन्म हिशेब लिहिण्यात गेला, पण ही प्रार्थना कुठल्या बाजूला मांडायची ते समजत नव्हतं.

माझा मुलगा श्रेणिक निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत कामाला होता. चातुर्मासात एका संध्याकाळी, दिवस मावळताना, तिथल्या राखणदाराला कुणीतरी डोक्यात घाव घालून मारलं. आदल्या दिवशी श्रेणिकचं त्याच्याशी झालेलं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं. पाठमोरा दिसलेला माणूस त्याच्याच अंगलटीचा होता, असंही एकाने सांगितलं. श्रेणिक म्हणाला, मी तेव्हा आत्याकडे जेवत होतो. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. ती निपाणीतच राहते. कोर्टात विचारल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तो आमच्याकडं आला न्हवता." ती खरं बोलली. मी तिला दोष दिला नाही, पण बाहेर आल्यावर तिच्याकडे मला बघवलं नाही. वकील म्हणाले, एक खोटं उघडं पडलं की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. जन्मठेपेची तयारी ठेवा.

त्यातच श्रेणिकची आई गेली. अग्नी देण्यापुरतं त्याला बंदोबस्तात आणलं. पुढच्या भेटीला तो बेळगावच्या तुरुंगात जाळीपलीकडून म्हणाला, "आप्पा, आता सांगतो. मी धाब्यावर जेवत होतो."

लहानपणी त्याला टायफॉइड झाला, तेव्हा आईने त्याच्यासाठी व्रत घेतलं होतं. तेव्हापासून दिवस मावळल्यावर आमच्या घरात कुणी अन्नाला शिवत नसे.

"लई भूक लागलेली, आप्पा. माझ्यासाठी घेतलेलं व्रत मीच मोडलं, हे तिला कसं सांगू?"

"अरे, जन्म तुरुंगात जायची वेळ आली..."

"ती होती तवर जमलं न्हाय."

त्याने सांगितलेल्या जागी मी गेलो. रस्ता रुंद करताना तो धाबा पाडला होता. चालवणारी बाई कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हमरस्त्यावर दोन्ही बाजूंनी चौकशी केली आणि थकलो. अमावास्येला पाय आपसूक स्तवनिधीच्या जैन तीर्थक्षेत्राकडे वळले. त्या दिवशी पोराची सुटका मागितली नाही. एवढंच म्हणालो, माझ्याच्याने आता ओढवत नाही. जे होईल ते सोसायचं बळ राहू दे.

बाहेर पायरीवर बसलो होतो. दिवस बुडाला होता. एका बाईने खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. मी हात जोडून म्हणालो, "आता नको, दिवस मावळला." ती हसली.

"तुमी लोक लई कडक, अण्णा. पर एक पोरगं आलतं आमच्या धाब्यावर. दिवस बुडाल्या-बुडाल्या जेवाय बसलं, अन् म्हणतंय, मावशी, आमटीतला बटाटा काढा, आमचा चातुर्मास हाय! मी म्हटलं, चातुर्मास हाय तर घरी जा की रं!"

 मी खिशातला श्रेणिकचा फोटो पुढे धरला.

"व्हय, ह्योच की! त्याच सांजेला मला नात झाली. पेढा दिला, तर कागदात बांधून घेतला. म्हणाला, सकाळी खातो."

मी तिथेच पायरीवर रडलो. मग तिला सगळं सांगितलं.

ती साक्षीला आली. सरकारी वकिलांनी विचारलं, इतक्या गिऱ्हाइकांत हाच कसा लक्षात राहिला? ती म्हणाली, "सायेब, धाब्यावर येऊन बटाटं येचून बाजूला ठेवणारा रोज येत न्हाय." कोर्टात हशा झाला. मला हसू आलं नाही. नातीच्या जन्माची तारीख तीच निघाली, आणि धाबा वखारीपासून चांगलाच लांब होता. श्रेणिक निर्दोष सुटला.

ती बाई त्याच संध्याकाळी तिथे का आली होती, याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि मी ते शोधतही नाही. राखणदाराला कुणी मारलं ते अजून उघड झालेलं नाही. त्याच्या घरच्यांसाठीही मी रोज हात जोडतो. माझं मूल परत आलं, त्यांचं माणूस आलं नाही. हे विसरून कृतज्ञता मानणं मला जमत नाही. मागणं मात्र सुटलं आहे. आता बस्तीत उभा राहतो तेव्हा फक्त डोकं टेकतो.

सुटून आला त्या दिवशी श्रेणिक आईच्या फोटोपुढे बसला होता. मग वळून म्हणाला, "आप्पा, तेव्हाच सांगितलं असतं तर आई लई रागावली असती का?"

"रागावली असती," मी म्हणालो. "आणि मग विचारलं असतं, पोट भरलं का रं?"