मी तिचं पूर्ण नाव सांगितलं

तंजावुराजवळ तिरुवैयारूला मी गाणं शिकवते. दोन वर्षं माझी एक शिष्या परदेशातून व्हिडिओ फोनवर शिकत होती. तिच्या देशात बायकांनी गायलेलं सरकारला खपत नाही. तो देश कुठला, हे मी इथंही लिहीत नाही. खिडकीला गादी टेकवून ती दबक्या आवाजात पलटे म्हणायची. वरचा षड्ज लागला की स्वतःच घाबरून थांबायची.

फी नको म्हटलं होतं मी, पण फुकटची विद्या तिला नको होती. बँकेतून पैसे पाठवले असते तर तिकडं चौकशी झाली असती. म्हणून ती एका क्रिप्टो नाण्यात फी द्यायची. कुणी कुणाला दिलं हे त्या नाण्यात बाहेर दिसत नाही म्हणे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझी धाकटी बहीण तंजावुरात राजवाड्याजवळ राहते, ऑडिटरकडे नोकरी करते. तिनंच अशी नाणी घेणाऱ्या-विकणाऱ्या एका कंपनीत माझ्या नावानं खातं उघडलं. नाणी विकून रुपये बँकेत आणायचं कामही तीच बघायची.

सरकारनं मनावर घेतलं तर या नाण्याचं कुलूप फोडता येईल का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. बरेच जण मागं लागलेत, पण अजून कुणाला पुरतं जमलेलं नाही, असं तिच्या वाचनात आलं होतं. तेवढ्यावर मी निर्धास्त झाले.

मग कंपनीचं पत्र आलं. सरकारी नियम कडक झाल्यामुळं ते नाणं घेणं बंद. आधीची नाणी कुणाकडून आली ते कळवा, नाहीतर खातं गोठवू. सोबत फॉर्म होता: पाठवणाऱ्याचं नाव, गाव, देश, तुमचं नातं.

बहिणीच्या घरी बसून आम्ही तो भरला आणि लगेच पाठवला. ती विचारत गेली, मी सांगत गेले. शिष्येचं आडनाव मोठं आहे, तेही अक्षरं लावून सांगितलं. सरकारी कामात खोटं लिहायचं नाही ही आमच्या घरची शिस्त. त्या सवयीनं तोंडातून निघून गेलं.

परतीच्या बसमध्ये, कालव्याच्या पुलावर, ते नाव कुठवर जाईल हे माझ्या ध्यानात आलं. तिथूनच बहिणीला फोन केला. दुसरं एखादं नाव लिहिता आलं असतं का, म्हणून विचारलं.

"अक्का, हे आता विचारतेस?" ती म्हणाली.

आपल्या सरकारला तिच्या गाण्याशी काय करायचंय, अशी तिनं माझी समजूत घातली. पण दुसऱ्या देशानं मागितलं तर देतात का, असं मी विचारलं. देतात कधीकधी, म्हणाली. त्या नाण्याचं कुलूप कुणाला फोडावंच लागलं नव्हतं. रुपये करायच्या दारात मला अडवलं, आणि मी सगळं सांगून मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात शिष्या फोनवर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निरोपांना उत्तर नव्हतं. सहाव्या आठवड्यात तिचा फोन आला, चेहरा न दाखवता. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, सरकारी माणसं घरी येऊन गेली, आता मी मावशीकडं आहे, असं तिनं सांगितलं. म्हणजे कदाचित माझ्यामुळं नसेलही. तरी मी फॉर्मचं सांगितलं.

"पूर्ण नाव दिलंत, टीचर?"

"पूर्ण."

 ती म्हणाली, तुमच्याकडं असलेली माझ्या गाण्याची रेकॉर्डिंगं काढून टाका, आणि आता काही दिवस शिकणं नको. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

रेकॉर्डिंगं मी काढून टाकली. बहिणीला कंपनीला लिहायला लावलं, ते नाव तेवढं खोडा म्हणून. दोन ओळींचं उत्तर आलं: खातं बंद करता येईल, पण घेतलेली माहिती नियमाप्रमाणे काही वर्षं ठेवावी लागते.