नाटकातल्या मॅडम

माझी पत्नी सोलापुरातल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवायची. मी वाचनालयात ग्रंथपाल होतो. शिक्षक मी कधीच नव्हतो, तरी तिचे विद्यार्थी मलाही सर म्हणत. मॅडमचा नवरा, म्हणून सर. ती गेल्यावरही हे तसंच चालू राहिलं.

ती श्रावणात गेली. त्यानंतर मला वाचता येईना. दोन ओळी झाल्या की तिसऱ्या ओळीवरून डोळे नुसते फिरायचे. जन्मभर पुस्तकांत काढलेल्या माणसाला ही गोष्ट कुणाला सांगायचीही लाज वाटते. पुण्याहून मुलगी आली होती. जाताना तिनं टीव्हीला काहीबाही जोडून दिलं आणि शाळेतल्या मुलांच्या विनोदी मालिका लावून दिल्या. "बाबा, घरात आवाज तरी राहील," म्हणाली. मी त्या बघू लागलो, आणि मला त्या आवडू लागल्या. कुणी भेटायला आलं की मी घाईनं रिमोट शोधायचो. घरातलं माणूस जाऊन वर्षही झालेलं नाही आणि हा पोरासोरांच्या खोड्या बघत हसतोय, हे लोकांना दिसू नये म्हणून.

त्यातल्या एका मालिकेत एक बाई होत्या. जिभेला धार. कुणाचं तोतरेपण, कुणाचा डबा, कुणाची ठेंगणी उंची, काही सोडायच्या नाहीत. भागाच्या शेवटी त्या रिकाम्या घरी जाऊन एकट्या जेवायच्या आणि माझे डोळे भरून यायचे. मुलीला फोनवर मी हे एकदा सांगितलं.

"बिचारी काय, बाबा? त्या जाड्या पोराला सगळ्या वर्गासमोर काय बोलली, बघितलंत ना?"

"अगं, पण तिला घरी कुणी नाही."

"आणि त्या पोराच्या घरी कोण आहे? दाखवलंय कधी?"

"तो दोन मिनिटांपुरता येतो. त्याचं काय दाखवणार?"

"तेच म्हणतेय मी. कॅमेरा जिच्या घरी जातो, ती बिचारी."

चुकणाऱ्या माणसाबद्दल माया वाटणार नसेल तर गोष्टी सांगायच्याच कशाला, असं मी म्हणालो. वाचनालयात हे मी कितीतरी जणांना ऐकवलेलं होतं. ती हसली. "तुम्हाला त्या बाईत आई दिसते, एवढंच सांगा की सरळ."

ते खरं होतं. आमच्या घरी रोज जेवताना वर्ग भरायचा. पत्नी तळव्यांवरचा खडू झटकायची तो दोनदा टाळी वाजवल्यासारखा. घरी हाताला खडू नसायचा, तरी ती तशी टाळी वाजवायची आणि दिवसभराच्या गमती सुरू व्हायच्या. ती आवाज काढायची, पोरांची चाल करून दाखवायची. मी हसून बेजार व्हायचो. मुलगी त्याच शाळेत होती. ती कधी हसायची, कधी ताट घेऊन उठायची.

त्या गमतींतली एक विद्यार्थिनी मला चांगली आठवत होती. शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू बोलायचे. मराठी ती नीट बोलायची, पण फळ्यावर गणित करताना बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत ओठांतल्या ओठांत तेलुगूत मोजायची. ओकटी, रेंडू, मूडू. पत्नीनं तिचं नावच रेंडू-मूडू ठेवलं. "ए रेंडू-मूडू, ये फळ्यापाशी. मोठ्यांदा मोज, आम्हालापण शिकव की!" मग सगळा वर्ग तिच्यासोबत मोजायचा आणि ती हमखास चुकायची. "दोन भाषांत मोजलंस म्हणून उत्तर दुप्पट आलं काय गं?" हे वाक्य आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षं चाललं. चहात साखर जास्त झाली की मी पत्नीला विचारायचो, "दोन भाषांत मोजलीस काय?"

पौषात एका जुन्या बॅचचा माणूस घरी आला. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, मोहोळला हार्डवेअरचं दुकान असलेला.

"सर, आमची दहावीची बॅच जमतीय. त्याच वर्गात बसायचं, घंटा, प्रतिज्ञा, समदं. आन् एक छोटं विनोदी नाटक बसवलंय, आमच्याच वर्गाचं. मॅडमशिवाय कसं व्हायचं ते?"

"मॅडम कोण करणार?"

"मीच की." तो लाजला. "मॅडमची लई बोलणी खाल्लीत सर मी. माझ्याएवढं त्यांना कुणी बघितलं नसंल."

त्यानं तिची एखादी साडी आणि चष्मा मागितला. मी दिला. मग म्हणाला, "घरी काय सांगायच्या का आमच्याबद्दल? एखादा किस्सा सांगा की."

मी लगेच सांगितला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच मी कुणाला तिच्याबद्दल हसत हसत काही सांगत होतो.

"आयला, रेंडू-मूडू!" त्यानं मांडीवर थाप मारली. "इसरलोच होतो की सर! घेतो, घेतो!"

मेळाव्याच्या दिवशी मी सकाळीच शाळेत गेलो. पुरुषांना फेटे, बायकांना एका रंगाच्या साड्या, पोरंबाळं सोबत. वऱ्हांड्यात उप्पीट आणि जिलेबी चालू होती. एक बाई ताटली घेऊन माझ्याजवळ आल्या. सोबत शाळकरी मुलगी होती.

"सर, तुम्ही ओळखणार नाही. मॅडमच्या वर्गात होते मी. मॅडम गेल्याचं ग्रुपवर वाचलं, लई वाईट वाटलं."

मी विचारलं, काय करता. पूर्व भागातच शाळांचे गणवेश शिवून देतो, म्हणाल्या. नवरा आणि त्या मिळून. मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही नववीला आहे. खरं तर येणार नव्हते सर. घरी तेलुगू ना आमच्या. मोजताना तोंडातून तेच यायचं. वर्गात एका नावानं चिडवायचे सगळे. पण म्हटलं, आता कोण लक्षात ठेवतंय. हिला माझी शाळा दाखवावी."

"कुठलं नाव अम्मा?"

"काही नाही गं. असंच."

मुलीला माहीत नव्हतं. अर्ध्या तासानं तिला सगळ्या हॉलसोबत कळणार होतं, आणि ते नाटकात घालायला दिलं होतं मी. त्यांच्याशी पुढे काय बोललो आठवत नाही. ताटली ठेवून मी स्टाफरूमकडे निघालो. त्या माणसाला एवढंच सांगायचं होतं की तो भाग गाळा.

स्टाफरूमच्या दारात थांबलो. खिडकीपाशी पाठमोरी माझी पत्नी उभी होती. शेवाळी रंगाची साडी, पदर कमरेला खोचलेला, एका पायावर भार. चाहूल लागून तो वळला, चष्मा कपाळावर सरकवला, दोनदा टाळी वाजवली आणि तिच्याच चढ्या आवाजात म्हणाला, "काय हो, आज इकडे कुठे? पुस्तकं संपली काय?"

ती मला अगदी असंच विचारायची. हे त्याला कुठून मिळालं, देव जाणे. मी दाराची चौकट धरून त्याच्याकडे बघत राहिलो.

तो घाबरला. स्वतःच्या आवाजात आला. "काय चुकलं का सर? जास्त झालं का?"

"नाही," मी म्हणालो. "कुठले कुठले भाग घेतलेत?"

"तुमचा रेंडू-मूडू शेवटी ठेवलाय. सगळ्यात मोठा तोच हाय. काढू का?"

त्यानं स्वतःहून विचारलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. पण तो भाग काढला तर पत्नी तेवढी कमी दिसणार होती. माझ्या मनात त्या क्षणी दुसरं काही नव्हतं. ती बाई नव्हती, तिची मुलगी नव्हती.

"असू दे," मी म्हणालो.

नाटक रंगलं. सगळा हॉल हसत होता आणि मीही हसलो, हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटच्या भागात त्या विद्यार्थिनीचं काम बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी केलं, दोन वेण्या घालून. "ए रेंडू-मूडू!" असं म्हटल्याबरोबर हॉलमध्ये आरोळी उठली. लोक आपणहून मोजायला लागले. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. गणवेश शिवणाऱ्या त्या बाई माझ्या दोन रांगा पुढे बसल्या होत्या. त्यांची मुलगीही सगळ्यांबरोबर मोजत होती. तिला तर ते आकडे घरचेच. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अगं रेंडू-मूडू, खरी कुठंय? ऊठ की! हात वर कर!"

सगळ्या माना वळल्या. त्या बाईंनी हात वर केला, खांद्यापर्यंतच, आणि हसल्या. मुलीनं आईकडे बघितलं. तिचं मोजणं थांबलं.

नाटक तिथं संपलं नाही. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, आणि टेबलापाशी मॅडम एकट्याच उरल्या. त्यांनी चष्मा पुसला. मग इकडेतिकडे बघत, हळूच, पेरांवर अंगठा टेकवून मोजायला लागल्या: ओकटी, रेंडू, मूडू... पुढचं आठवेना. दप्तर विसरलेली मुलगी दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "नालुगू, मॅडम." दोघी हसल्या. पडदा.

टाळ्या थांबेनात. फेट्याच्या शेमल्यानं लोक डोळे पुसत होते. हे मी सांगितलेलं नव्हतं. असं कधी घडलंही नव्हतं. घडलं असतं तर तिनं घरी सांगितलं असतं. त्यांना आपल्या मॅडमवर माया करायची होती आणि आधीचा भाग घशात अडकत होता, म्हणून त्यांनी हा प्रवेश रचला. मालिकांमधूनही असंच करतात. मला ते चालायचं, आणि इथंही चाललं. मी टाळ्या वाजवल्या. पत्नी एकदा तरी अशी वागली असती तर, असं वाटून रडलोही. त्या रडण्यात त्या बाईंसाठी काही नव्हतं. वाईट पात्राबद्दल माया वाटण्यात चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण माझी माया पत्नीपाशीच संपत होती. वर्गात आणखी एक मुलगी होती, तिच्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही.

मला व्यासपीठावर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. मी आभार मानून खाली उतरलो.

फाटकापाशी त्या बाई मुलीसोबत थांबल्या होत्या.

"सर, एक विचारू? ते शेवटचं... मॅडम खरंच शिकल्या होत्या आमचे आकडे?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं, मुलीसमोर त्यांचा मान राहिला असता, माझी पत्नी चांगली ठरली असती. माझ्या तोंडात हो आलंही होतं. पण अर्ध्या दिवसात दुसऱ्यांदा मी स्वतःच्या सोयीचं बोलणार होतो, ते मला जमलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "ते यांनी रचलंय. आणि आधीचं, फळ्यापाशी बोलावण्याचं, ते मी सांगितलं होतं यांना."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ती घरी सांगायची. जेवताना."

"आणि तुम्ही?"

"मी हसायचो."

त्यांनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मला वाटायचं, शाळा सुटली की मॅडम विसरत असतील."

मुलगी तेलुगूत काहीतरी बोलली, रागानं. त्यांनी तिला तेलुगूतच उत्तर दिलं. मला कळलं नाही. जन्म सोलापुरात गेला, शेजारी तेलुगू, दुकानदार तेलुगू, आणि मला त्या भाषेतले आकडे तेवढे येतात, तेही चेष्टेसाठी शिकलेले.

"सर, सगळ्यांनी मोबाईलवर घेतलंय ते," बाई म्हणाल्या. "ग्रुपवर टाकतील. हिच्या वर्गात आमच्या बॅचवाल्यांची मुलं आहेत."

"मी काढायला सांगतो."

"सगळ्यांच्यातून?"

"हो. सगळ्यांच्यातून."

त्यांनी मान हलवली. माझ्या बोलण्यावर त्यांनी फारसा विश्वास ठेवला असेल असं वाटलं नाही. नमस्कार न करता त्या गेल्या.

मॅडमचं काम केलेल्या त्या माणसाला मी फोन केला. "अहो सर, त्यालाच तर सगळ्यात जास्त बदाम आलेत!" तो म्हणाला. मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "तिला वाईट वाटलं? हसत होती की ती." पण त्यानं ऐकलं. ग्रुपवरून तो व्हिडिओ काढला, एकेकाला फोन करून काढायला लावला, आणि मला कळवलं की आता कुणाकडेच नाही.

माझ्याकडे आहे. मला त्यानं आधीच वेगळा पाठवला होता, "मॅडमची आठवण" असं लिहून. पुसायचा म्हणून मी तो उघडतो. ती वर्गात येते, हजेरी टेबलावर ठेवते, बाकांवरून नजर फिरवते. कुणाला बोलावायचं हे तिचं अजून ठरलेलं नसतं. मी तिथं थांबवतो, थोडा वेळ बघतो, आणि न पुसता फोन ठेवून देतो.