लाइट गेली तर?

दुपारी एकदा का ग्राहकांची गर्दी ओसरली, की आमच्या वीज कार्यालयात किस्से सुरू होतात. तक्रारी निदान नोंदवल्या जातात, कधी ना कधी निकाली निघतात. किस्से नुसते साचतच जातात! पांढरकवड्याच्या या ऑफिसात मी बिलिंगला आहे, आणि माझ्याकडे साचलेल्यांपैकी निम्मे एकट्या गजभिये साहेबांचे आहेत. साहेब आमचे इंजिनिअर. कुठली लाइन कधी दगा देईल, हे त्यांना तोंडपाठ. आणि अशा माणसानं इलेक्ट्रिक कार घेतली!

*

गाडी ऑफिससमोर पहिल्यांदा लागली, त्या दिवशी एक म्हातारबाबा तक्रारीचा अर्ज घेऊन आले होते. गाडीभोवती चक्कर मारून त्यांनी मला विचारलं, "हे लाइटवर चालते?"

"हो."

"अन् साहेबाची हाय?"

"हो, बाबा."

त्यांनी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली. "मंग राहू द्या. आता साहेब सोताच पाह्यतीन!"

*

गाडी जवळपास फिरत होती तोवर ठीक होतं. पण साहेबांची एकुलती एक मुलगी, अस्मिता, दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला निघाली. विमान हैदराबादहून, रात्री उशिराचं. साहेब म्हणाले, "आपल्याच गाडीनं नेतो." म्हणून बसले आणि त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. "विमान चुकलं तं पोरीचं वर्ष जाईन!" हे रोज चार वेळा. ऐकून ऐकून विमानाची वेळ मलाही पाठ झाली.

मोबाइलवर रस्त्यातली चार्जिंग स्टेशनं दिसतात. साहेबांचा त्यावर काडीचा विश्वास नाही. "हिरवा ठिपका म्हणजे मशीन हाय. मशीनले लाइट हाय काय, ते कोण सांगन?"

मग त्यांनी आदिलाबादच्या पुढच्या सबस्टेशनांचे नंबर मिळवले. एका ठिकाणी विचारलं, "मैं महाराष्ट्र से इंजिनिअर बोल रहा हूं. सोमवार को आपके यहां सब चालू रहेगा ना?"

दुसऱ्या दिवशी तिकडून फोटो आला. सबस्टेशन झाडून-पुसून लख्ख, चार कर्मचारी हेल्मेट घालून रांगेत उभे. खाली मेसेज: "सर, इन्स्पेक्शन के लिए हम रेडी हैं!"

*

ट्रायल म्हणून एका रविवारी साहेब एकटेच उमरखेडला साळीकडे, म्हणजे वहिनींच्या धाकट्या बहिणीकडे गेले. समजा रस्त्यातलं मशीन बंद निघालं, तर घरच्या प्लगवर गाडी किती वेळ घेते, ते पाहायचं होतं. घरच्या प्लगवर ती दिवसभर घेते! पाहुणा घरी आलेला म्हटल्यावर साळीनं सकाळी चहा-पोहे केले, दुपारी जेवण, चार वाजता पुन्हा चहा. साहेब जागचे हलेनात. दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन गाडीकडे पाहायचे आणि उसासा टाकून परत यायचे.

संध्याकाळी साळीनं मागच्या खोलीत जाऊन हळूच बहिणीला फोन लावला. "ताई, भाऊजींचं अन् तुह्यं काही वाजलं काय?"

*

निघायच्या आधी आमचे लाइनमन राठोडभाऊ पहिल्या थांब्याची तपासणी करायला गेले. ऊन डोक्यावर. डीपी पाहिली, तारांना लागणाऱ्या फांद्या छाटल्या, टेस्टर लावला, घामाघूम होऊन परतले.

"सर, लाइन एकदम ओके!"

"अन् मशीन? गाडी चार्ज होते ना?"

राठोडभाऊंनी रुमालानं मान पुसली. "ते कसं पाहू सर? माही पेट्रोलची हाय."

*

शेवटी साहेबांनी तक्ता केला. थांबा, अंतर, पोचायची वेळ, आणि शेवटचा रकाना: 'लाइट गेली तर?' प्रत्येक ओळीत दुसरं मशीन, मग एखादं हॉटेल, मग दूरचा का होईना, एक नातेवाईक. तक्त्याच्या चार प्रती निघाल्या. एक मला, कारण गरज पडली तर धक्का मारायला मी सोबत जाणार होतो!

अस्मितानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "पप्पा, विमानाचं चार्जिंग कुठं ठेवलं?"

साहेबांनी तक्ता परत घेतला आणि खरंच एकदा पाहिला.

*

सोमवारी पहाटे निघालो. मागे वहिनी आणि अस्मिता, पुढे मी. मी सारखा बॅटरीचा आकडा पाहत होतो, साहेब घड्याळ. आणि काय सांगू, कुठे काहीच झालं नाही! प्रत्येक मशीन चालू, प्रत्येक ठिकाणी लाइट. दुपारी दोनलाच हैदराबादच्या अलीकडच्या शेवटच्या थांब्यावर गाडी लावली.

ऐंशी टक्क्यांपर्यंत ही गाडी झरझर चार्ज होते, पुढे मुंगीच्या पावलानं. म्हणून तक्त्यात सगळीकडे लिहिलं होतं: ऐंशीवर निघणे. ऐंशी झाले. मी वायर काढायला उठलो.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "शंभर होऊ द्या."

"साहेब, विमानतळ तर साठवर पण येईल."

"होऊ द्या ना."

नव्वद झाले. वहिनींनी डब्यातले लाडू वाटले. पंच्याण्णव झाले. अस्मिता एकदा तक्त्याकडे, एकदा साहेबांकडे पाहत होती. साहेब मशीनसमोर पाठमोरे उभे होते.

शंभर झाले. मशीन आपोआप बंद झालं.

"पप्पा, झालं."

"हो," साहेब म्हणाले. "चाकातली हवा पाहून घेतो."

अस्मितानं पर्स खांद्यावरून काढली आणि तिथल्याच कठड्यावर बसली.

"चारही चाकांची पाहा, पप्पा."